वाढीव दहा किलोमीटर

वेगाविरुद्ध लिहिणारा मास्तर म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. बगलेत छत्री, नाकावर घसरलेला चष्मा आणि तोंडी एकच पालुपद : आमच्या वेळी बैलगाडीने जात होतो, काय बिघडले? तेव्हा आरंभीच सांगून टाकलेले बरे. मला वेग आवडतो. कोकण रेल्वे रत्नागिरीच्या पुढे बोगद्यातून सुसाट निघाली की मी लहान मुलासारखा खिडकीला नाक लावून बसतो. शिडाच्या होडीत वारा भरला म्हणजे जो आनंद होतो तो मी दोन कादंबऱ्यांतून वर्णन केला आहे; वाचकांना तो तिथे कंटाळवाणा वाटला असेल तर तो दोष वाऱ्याचा नव्हे. माझे भांडण वेगाशी नाही. एका नव्या हौसेशी आहे. जेट स्की नावाच्या यंत्राचे कंपनीने बांधून दिलेले इंजिन उघडायचे, त्यात फेरफार करायचे, त्यातून ताशी आणखी दहा-पंधरा किलोमीटर उपसून काढायचे, आणि ते वाढीव किलोमीटर जिथे माणसे पोहतात, मासे मारतात, पाय भिजवतात त्या पाण्यात उधळायचे, ही ती हौस.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कुठून काढला, असे कोणी विचारील. दिवाळीची सुटी लागली म्हणजे मुंबई-पुण्याची कुटुंबेच्या कुटुंबे आमच्या किनाऱ्यावर उतरतात, म्हणून काढला. पावसाळ्यात बंद असलेले पाण्यातले खेळ तोवर पुन्हा सुरू झालेले असतात. चकलीचा डबा घेऊन आलेली मंडळी ज्या यंत्रावर बसणार, ते यंत्र काय आहे हे त्यांनी घरून निघण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

ह्या यंत्राचा जन्म मोठा गमतीदार आहे. क्लेटन जेकबसन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत असे. जमिनीवर पडून अंग सोलवटून घेण्यापेक्षा पाण्यावर पडलेले काय वाईट, अशा विचारातून त्याला पाण्यावरच्या मोटारसायकलची कल्पना सुचली, असे सांगतात. १९६८ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने असे एक वाहन बाजारात आणले. ते फारसे चालले नाही. पुढे १९७३ च्या सुमारास जपानच्या कावासाकी कंपनीने ‘जेट स्की’ ह्या नावाने आपले यंत्र विकायला काढले, आणि ते नाव असे रुळले की आता कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, आपण त्याला जेट स्कीच म्हणतो. त्या पहिल्या यंत्राचे इंजिन होते ४०० सीसीचे. त्याच कंपनीच्या अल्ट्रा ३१० ह्या अलीकडच्या यंत्राचे इंजिन आहे १४९८ सीसीचे, आणि त्याची ताकद ३१० अश्वशक्ती. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या साध्या चारचाकी मोटारीला शंभरभर अश्वशक्ती पुरते. म्हणजे तीन मोटारींचे बळ एका खोगिराखाली. यंत्राचे वजन पावणेपाच क्विंटलच्या घरात.

पाणी मऊ असते हा जेकबसनचा हिशेब त्या काळच्या वेगापुरता बरोबर होता. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन. हळू गेलात तर ते बाजूला सरते. जोरात आदळलात तर त्याला बाजूला सरायला सवड मिळत नाही, आणि जिला सवड मिळाली नाही अशी कोणतीही वस्तू दगडासारखीच वागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये ह्या वाहनांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. हौशी नौकांच्या इतर सर्व प्रकारांत माणसे मरतात ती मुख्यतः बुडून. फक्त ह्या एका प्रकारात ती मरतात मुख्यतः आपटून. अंगात तरंगणारे जाकीट असते, माणूस पाण्यावर तरंगतही राहतो, पण त्याआधीच जे व्हायचे ते झालेले असते. जाकीट घातले म्हणजे झाले, असे मानणाऱ्या आईबापांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता यंत्राची खरी मेख. होडीला सुकाणू असते. जेट स्कीला ते नसते. पोटाखालून पाणी ओढून घ्यायचे, आतला पंखा, ज्याला इंपेलर म्हणतात, त्याने ते जोराने मागे फेकायचे, आणि मागची तोटी डावीकडे-उजवीकडे फिरवून वळायचे, अशी ही रचना आहे. म्हणजे पाणी जोरात मागे जात असेल तोवरच यंत्र वळणार. समोर कोणी आले, नवखा माणूस घाबरला, त्याने काय केले? जे तुम्ही आम्ही करू तेच. मूठ सोडून दिली. मूठ सोडली की पाण्याचा झोत बंद, झोत बंद की वळणे बंद, आणि यंत्र ज्या दिशेने चालले होते त्याच दिशेने सरळ पुढे! घाबरलेल्या माणसाची सारी उपजत बुद्धी जे करायला सांगते तेच इथे घातक ठरते. ह्यावर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. एका कंपनीने २००९ मध्ये ब्रेकचीही सोय केली. परंतु जुनी यंत्रे जुनीच राहतात, आणि आमच्याकडे बहुतेक माल दुसऱ्या-तिसऱ्या हातचाच येतो.

हे सारे यंत्र बनविणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी स्वतःच्या पायात एक बेडी घालून घेतली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाशी त्यांचा एक सामोपचाराचा समझोता झाला : कारखान्यातून बाहेर पडणारे यंत्र ताशी ६५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरच्या, फारसे वर जाता कामा नये. इंजिन त्याहून अधिक पळवू शकते. कंपनी ते पळू देत नाही. मर्यादा इंजिनाच्या संगणकात बांधून टाकलेली असते. विचार करा. आपला माल सर्वांत वेगवान म्हणून विकण्यात ज्यांचा फायदा, अशा एकमेकांच्या वैरी असलेल्या व्यापाऱ्यांनी मिळून वेगाला गाठ मारली. व्यापाऱ्याने फायद्याला गाठ मारावी, ही घटना दरवर्षी घडत नाही. ज्या अर्थी घडली त्या अर्थी कारण तसेच असले पाहिजे.

आणि आमचे वीर ती गाठ सोडायला निघाले आहेत.

सोडण्याचे शास्त्रही आता मला तोंडपाठ झाले आहे. आधी संगणकातले आकडे बदलायचे. इंजिन मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेऱ्यांवर अडवलेले असेल तर त्याला आणखी काही शे फेऱ्या मोकळ्या सोडायच्या. फेऱ्या वाढल्या की हवा कमी पडते. म्हणून हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचे चाक मोठे बसवायचे. कोंबलेली हवा तापते. म्हणून ती निवविणारा इंटरकूलर मोठा हवा. अधिक हवेला अधिक पेट्रोल, आणि तेही भारी ऑक्टेनचे; नाहीतर इंधन वेळेआधीच पेट घेते, इंजिनाच्या पोटात ठोके बसू लागतात आणि एके दिवशी पिस्टनला भोक पडते. मग इंपेलरच्या पात्यांचा पीळ बदलायचा. पीळ वाढवला तर वरचा वेग वाढतो आणि सुरुवातीची उसळी मंदावते. म्हणजे एक मिळवायला दुसरे द्यायचे. पंखा आणि त्याच्या भोवतीचे कडे ह्यांच्यात नखाएवढी फट वाढली तरी पाणी तिथूनच निसटते आणि सारा खर्च पाण्यात! हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा आहे. आमच्या किनाऱ्याजवळचे पाणी वाळूने गढूळ. उथळ पाण्यात यंत्र चालू केले की वाळू आत ओढली जाते आणि तेच कडे कानशीने घासल्यासारखे घासते. एका बदलाच्या शेपटीला दुसरा बदल बांधलेला, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरा. लग्नघरात एक पाहुणा बोलावला की त्याच्याबरोबर सात जण येतात, तसे.

एवढे करून पदरात काय पडते? ढोबळ हिशेब असा की वेग वाढवायचा तर ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. १०५ चे ११५ करायचे, म्हणजे वेग दशांशाने वाढवायचा, तर ताकद जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढवावी लागणार. ३०० अश्वशक्तीच्या जागी ४०० च्या जवळपास. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर; पण एवढा हिशेब मलाही येतो. दहा किलोमीटरसाठी शंभर घोडे!

हे शास्त्र मला शिकवले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावचा हुशार, कष्टाळू मुलगा. वर्गात चित्र कधी पुरे केले नाही, पण बाकाखाली बसून सायकलचा डायनॅमो उलगडून पुन्हा जोडी. त्याने मुंबईच्या कोणा श्रीमंताकडून एक जुने, भारी ताकदीचे यंत्र विकत घेतले आहे, आणि ते ‘खोलून’ घेण्यासाठी दीड-दोन लाखांचे कर्ज काढायच्या विचारात आहे. माझ्याकडे तो आला तो सल्ल्यासाठी नव्हे. त्याला पाटी रंगवून हवी होती. वर त्याच्या धंद्याचे नाव, मध्ये उसळत्या लाटेवर जेट स्कीचे चित्र, आणि खाली तांबड्या ठसठशीत अक्षरांत : कोकणातली सर्वांत फास्ट, ताशी १२० किमी.

मी म्हटले, “अरे, एवढ्याशा फेरीत माणूस बसतो किती? दोन-चार मिनिटे. त्यात त्याला शंभर काय आणि एकशेवीस काय, कळणार कसे?”

तो म्हणाला, “मास्तरांनू, तुमका ह्या कळूचा नाय. गिऱ्हाईक येता तो पयलो प्रश्न इचारता, ह्या किती पळता?”

हे त्याचे म्हणणे मी विसरलेलो नाही. त्याच्याकडे पुढे येतो. पण आधी त्याच्या मित्रांचे जे ठरीव बोल मी गेले वर्षभर किनाऱ्यावर ऐकतो आहे, त्यांचा समाचार घेतला पाहिजे.

पहिला बोल : यंत्र माझे, पैसा माझा, जीव माझा, तुमचे काय जाते? वाहवा! जीव तुमचा खरा, पण पाणी कोणाचे? सकाळी आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळे अर्धचंद्राकार सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, आणि मग तीस-चाळीस माणसे, त्यांत बायका आल्या, म्हातारे आले, शाळेला उशीर करून आलेली पोरे आली, दोन्ही बाजूंनी दोर ओढत राहतात. जाळे जवळ आले की काही जण छातीभर पाण्यात उतरतात. त्या वेळी समुद्राकडून पाहणाऱ्याला दिसते काय? माणूस दिसत नाही. लाटेवर वरखाली होणारे एक काळे डोके दिसते, नारळाएवढे. तेही लाट मध्ये आली की दिसत नाही. समजा, ते पन्नास मीटरांवरून दिसले. ताशी १०५ च्या वेगाने ते अंतर कापायला लागतात पावणेदोन सेकंद. ह्यात पाहायचे, ओळखायचे, ठरवायचे आणि, मूठ न सोडता, वळायचे. कंपनीच्या वेगालाच ही गत. मग त्यात भर घालणाऱ्याला मी काय म्हणू?

“पण मास्तर, दहा किलोमीटरच तर वाढतात!” हा दुसरा बोल. ह्या बोलाइतका लबाड बोल मी ऐकला नाही. दहा किलोमीटर जर क्षुल्लक असतील तर त्यांच्यासाठी दीड लाख का मोजता? आणि दीड लाख मोजण्याइतके ते मोठे असतील, तर ज्याचे डोके पाण्यावर आहे त्याच्यासाठीही ते तेवढेच मोठे आहेत. वस्तू विकत घेताना डोंगराएवढी आणि जबाबदारी घेताना राईएवढी, असे गणित माझ्या शाळेत कोणी केले तर मी त्याला पुन्हा फळ्यापाशी उभा करीन.

तिसरा बोल जरा मानाचा आहे, आणि त्याला उत्तरही मानाने दिले पाहिजे. तो म्हणतो, मराठी माणसाला साहस नको असते. जगात लोक विक्रम करतात आणि आपण ‘जपून जा हो’ म्हणत बसतो. खरे आहे. म्हणून विक्रमवाल्यांकडेच पाहू. ऑस्ट्रेलियात केन वॉर्बी नावाचा एक मनुष्य होऊन गेला. त्याने आपल्या घराच्या मागच्या अंगणात लाकडाची नौका बांधली, विमानदलाच्या मोडीतून विकत घेतलेले जेट इंजिन तिच्यावर चढवले, आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी एका धरणाच्या जलाशयावर ती ताशी ५११ किलोमीटरने पळवली. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्याच्या आधी इंग्लंडचा डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टनच्या सरोवरावर, परतीच्या फेरीत पाणी निवण्याची वाट न पाहता निघाला आणि नौका उलटून जागच्या जागी गेला. ह्या दोघांपुढे मी टोपी काढतो. पण एक गोष्ट पाहा. दोघांनीही आपला वेग मोजून आखलेल्या पाण्यावर पळवला, आणि पणाला लावला तो आपला एकट्याचा जीव. वॉर्बीने आपल्या मागे कोणाच्या आठ वर्षांच्या मुलीला बसवले नव्हते. ॲरिझोनातल्या हावासू सरोवरावर जेट स्कीच्या शर्यती होतात. तिथे इंजिने उघडतात, वाढवतात, पळवतात. खुशाल. तिथे फेरी आखलेली असते, पाण्यात दुसरा कोणी नसतो, आणि बसणाऱ्याला आपण कशावर बसलो आहोत हे माहीत असते. आमच्या मुलांना तसे पाणी मिळवून द्या, मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायला बसेन. आणि मग त्या मुलाची पाटीही फुकट रंगवून देईन.

चौथा बोल असा, की आमच्या हातात सफाई आहे, आम्ही जन्मापासून समुद्र ओळखतो. ह्यावर मला फार बोलवत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात काय झाले ते सगळ्यांनी आपापल्या फोनवर पाहिले. गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ बोट, तिच्यात शंभरावर माणसे, बरीचशी सहलीला निघालेली. नौदलाच्या एका वेगवान नौकेच्या इंजिनाची चाचणी त्याच पाण्यात चालली होती. तिच्यावरचे नियंत्रण सुटले आणि ती बोटीवर येऊन आदळली. पंधरा माणसे गेली. चालवणारी माणसे शिकलेली, शिस्तीतली, नौदलाची होती. वेळ दुपारची, समोर एवढी मोठी बोट. ह्याहून अधिक सफाई आमच्या किनाऱ्यावरच्या बावीस वर्षांच्या पोराच्या हातात आहे, असे जो म्हणेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

परवान्याचे काय, असे कोणी सुज्ञ विचारतील. महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, परवाने आहेत. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे मुलांना रीतसर शिक्षण मिळते. हे सारे चांगले आहे, आणखी हवे. परंतु जाकिटे मोजता येतात, दोर ओढून पाहता येतो. इंजिनाच्या संगणकात बदललेला आकडा डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून यंत्र तेच, रंग तोच, नंबर तोच. कागदावरचे यंत्र एक आणि पाण्यातले दुसरे, हे ओळखायचे कोणी? मी म्हणतो, फेरफार केलेले यंत्र भाड्याने देणे हा गुन्हा ठरवा, आणि हंगाम सुरू होण्याआधी एकदा ते पाण्यात पळवून वेग मोजा. सरकारजवळ वेग मोजण्याची साधने आहेत. महामार्गावर ती माझ्या स्कूटरला बरोबर पकडतात.

पण सरकारला चार शब्द सुनावून मी मोकळा होणार नाही. आता त्या मुलाच्या म्हणण्याकडे येतो. त्याचे इंजिन कोण खोलते आहे? मुंबईचा मेकॅनिक? तो तर नुसता पाना फिरवतो. ते खोलते आहे ते, क्षमा करा, तुमचे कुटुंब. किनाऱ्यावर चार तंबू असतात. तुम्ही पहिल्यापाशी जाता आणि विचारता, “काय रे, किती पळते?” तो म्हणतो, साठ-सत्तर. तुम्ही दुसऱ्यापाशी जाता. तो म्हणतो, शंभर. तुम्ही तिथे बसता. पहिल्याची बायको दिवसअखेर गल्ला मोजते आणि पहिला रात्री फोन काढून सुपरचार्जरच्या किमती बघत बसतो. आपल्या एका प्रश्नाने दहा कुटुंबांचा धंदा वळतो, ह्याची कोणाला कल्पना असते का? ज्या गृहस्थाने घरून निघताना गॅसचे बटन तीनदा तपासले, तोच इथे सहा वर्षांचे पोर पुढे बसवून म्हणतो, “जोरात ने रे, पैसे दिलेत!”

दुसरे प्रश्न विचारता येतात. मनगटाला बांधायची ती लाल दोरी कशाला असते? (पडलात की इंजिन बंद पडावे म्हणून. ती नुसती लोंबकळत असेल तर दुसऱ्या तंबूकडे जा.) पोहणाऱ्यांपासून दूर कुठून नेणार? रापणीची वेळ झाली की काय करता? यंत्र कंपनीचे आहे तसेच आहे ना? हे प्रश्न चार जणांनी विचारले, आठ जणांनी विचारले, तर तो मुलगा माझ्याकडे दुसरी पाटी रंगवायला येईल. पोरगा हुशार आहे, गिऱ्हाइकाची नाडी त्याला कळते.

सध्या ती पाटी माझ्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. धंद्याचे नाव लिहून झाले, लाट झाली, यंत्र झाले. लाटेचा फेस मला चांगला साधला आहे असे पाहणारे म्हणतात. खालची ओळ मी लिहिलेली नाही. तो दोनदा विचारून गेला. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होईल, त्याच्या आत हवी, असे म्हणाला. मी म्हटले, ने की, तयारच आहे. तो पाटीकडे बघत उभा राहिला, मग सायकलीला पाय लावून निघून गेला. कर्जाचा अर्ज त्याने अजून बँकेत दिलेला नाही, एवढे मला त्याच्या आईकडून कळले आहे.